लेखानुदान

‘लेखा’ म्हणजे हिशेब आणि ‘अनुदान’ म्हणजे दिलेली रक्कम, या दोन संस्कृत शब्दांच्या संधीतून ‘लेखानुदान’ हा शब्द घडला आहे. शाळेला किंवा शेतकऱ्याला मिळणाऱ्या अर्थसाहाय्यालाही मराठीत अनुदानच म्हणतात, परंतु संसदीय परिभाषेत शासनाने मागितलेली आणि लोकसभेने मंजूर केलेली खर्चाची रक्कम म्हणजे अनुदान होय. संविधानाच्या अनुच्छेद 114 नुसार विनियोजन कायद्याशिवाय एकत्रित निधीतून रुपयाही काढता येत नाही, म्हणून वार्षिक मागण्यांवरील चर्चा पूर्ण होईपर्यंत अनुच्छेद 116 खाली लेखानुदान म्हणून आगाऊ मंजुरी घेतली जाते, जी सहसा दोन महिन्यांच्या खर्चापुरती, म्हणजे वार्षिक अंदाजाच्या सुमारे एकषष्ठांश असते.

1991 साली परकीय चलनाची गंगाजळी आटत असताना तत्कालीन अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी 4 मार्चला अंतरिम अर्थसंकल्प मांडला, दोनच दिवसांनी चंद्रशेखर सरकारने राजीनामा दिला आणि पुढच्या सरकारचे अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांचा पूर्ण अर्थसंकल्प 24 जुलैपर्यंत येऊ शकला नाही. त्या मधल्या काळात, देशावर सोने गहाण टाकण्याची वेळ आली तेव्हाही, दैनंदिन खर्चाला सभागृहाच्या मुदतबंद मंजुरीचाच आधार होता, आणि लेखानुदानाला निव्वळ तांत्रिक सोपस्कार मानणाऱ्यांनी हे विसरणे अक्षम्य आहे.