देवराई, कोळसा आणि क्योटोचा करार

भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या डोंगरांत दाट झाडीचे छोटे तुकडे दिसतात. या देवराया. देवाच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड लावायची नाही, हा नियम गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला.

देवराईबाहेर मात्र वेगळे घडले. पानशेत धरणाच्या कामासाठी रस्ता आला, पुण्याचा बाजार जवळ आला आणि मालकीच्या रानातली झाडे कोळशाच्या भट्ट्यांत गेली. कोळशाच्या किमतीत मजुरी, वाहतूक, व्यापाऱ्याचा नफा धरलेला होता. उघड्या उतारावरून वाहून जाणारी माती धरलेली नव्हती. व्यवहाराबाहेरच्या लोकांवर पडणाऱ्या अशा भाराला अर्थशास्त्रात ‘बाह्य खर्च’ म्हणतात.

हवामानबदल हाही बाह्य खर्चच. सुक्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो. १२ ग्रॅम कार्बन पूर्ण जळला की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे १ टन लाकडामागे सुमारे १.८ टन वायू साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो.

हा खर्च कोणी भरायचा? १९९७च्या क्योटो करारात श्रीमंत देशांनी उत्सर्जन घटवण्याचे बंधन स्वीकारले. स्वतःकडे घट करणे महाग पडले, तर भारतासारख्या देशात ती घडवून तिचे श्रेय विकत घेण्याची सोयही ठेवली. जंगलांबाबतचे नियम २००१ साली मराकेशला ठरले. श्रेय फक्त नव्या लागवडीला, तेही ३१ डिसेंबर १९८९ रोजी जंगल नसलेल्या जमिनीवर!

आता दोन गावे डोळ्यांसमोर आणू. एकाने १९६०च्या सुमारास रान तोडले, दुसऱ्याने राखले. पहिले गाव झाडे लावून श्रेय मिळवू शकते, दुसऱ्याला काहीच नाही. नियम करणाऱ्यांची अडचणही खरी होती: राखलेले रान एरवी तुटलेच असते, हे सिद्ध कसे करायचे? आणि इथली तोड थांबली म्हणून ती शेजारच्या डोंगरावर सरकली तर?

२००७ साली बालीच्या परिषदेच्या वेळी, जंगल राखणाऱ्यांचाही हिशेब व्हावा, असा आग्रह भारताने धरला. २०१०च्या कानकुन परिषदेत हे तत्त्व मान्य झाले. पण श्रेयाच्या बाजाराचा भरवसा किती? २००८ साली क्योटोच्या श्रेयाला टनामागे २० युरोंहून अधिक भाव होता, २०१२च्या अखेरीस तो १ युरोच्याही खाली गेला. भाव पडला म्हणून देवराईचा नियम मोडत नाही, कारण तो भावावर उभाच नव्हता. मग राखणाऱ्या गावाला जगाने काय द्यावे, आणि कोणत्या रूपात? वर्गात या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी चर्चा घेऊन पाहू या.