कूपर्सटाउनचं मागचं दार

रॉन सँटोची बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली ५ डिसेंबर २०११ ला. त्याला जाऊन तेव्हा एक वर्ष आणि दोन दिवस झाले होते. सोळा जणांच्या समितीत पंधरा मतं त्याच्या बाजूनं पडली, म्हणजे प्रकरण काठावरचं नव्हतंच. मला आनंद व्हायच्या आधी राग आला. सँटो शेवटचा सामना खेळला १९७४ मध्ये. ३४२ होमरन, थर्ड बेसवरच्या क्षेत्ररक्षणासाठी पाच गोल्ड ग्लव्ह. पुढच्या सदतीस वर्षांत यातला एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही. बदलली ती फक्त मतं देणारी माणसं.

१९७३ च्या हिवाळ्यात मी शिकागोत आले आणि एका इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला लागले. बेसबॉल शिकले ते तिथल्या रेडिओवर. दादरला वाढलेल्या मुलीला खेळ कळायला बराच वेळ लागला, वाद कळायला मुळीच नाही. क्रिकेटमध्ये शिवलकरांना कसोटी का मिळाली नाही, यावर आमच्या चाळीत ताटं वाढून निवायची. इथे तीच तऱ्हा. त्यात घरात दोन पक्ष. मी उत्तर शिकागोच्या कब्सची, हे दक्षिणेच्या व्हाइट सॉक्सचे. मी कब्सच्या सँटोसाठी भांडायचे, हे सॉक्सच्या डिक ॲलनसाठी. गंमत म्हणजे १९७४ च्या हंगामात दोघं एकाच संघात होते. कारकिर्दीचं शेवटचं वर्ष सँटो सॉक्सकडून खेळला आणि ॲलन तेव्हा तिथेच होता.

सँटोला अठराव्या वर्षी मधुमेह निघाला. रोज इन्शुलिन घ्यायचा तो, आणि १९७१ पर्यंत त्यानं हे लोकांपासून लपवून ठेवलं. त्या काळात घरी बोट टोचून साखर मोजायचं यंत्र नव्हतं. लघवीची तपासणी होती, आणि ती काही तासांपूर्वीची साखर सांगते. आत्ता बॅट हातात घेताना रक्तात किती आहे, ते सांगत नाही. साखर एकदम उतरली की हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा माणसासमोर ताशी नव्वद मैलांनी चेंडू येतोय, हे चित्र मी लॅबमध्ये बसून पुष्कळदा डोळ्यांपुढे आणलंय. दयेपोटी मत द्या असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. पण तो चौतिसाव्या वर्षी थांबला, म्हणून बेरजेचे आकडे थोडे कमी पडले. ती बेरीज कोणत्या परिस्थितीत झाली, एवढं तरी बघाल की नाही?

१९८० मध्ये पहिल्यांदा त्याचं नाव मतपत्रिकेवर आलं, तेव्हा चार टक्केसुद्धा मतं मिळाली नाहीत. पाच टक्क्यांच्या खाली गेलेलं नाव गळतं, तसं ते गळलं. १९८५ मध्ये पुन्हा घेतलं गेलं, पण पत्रकारांकडून त्याला कधी निम्मी मतंही मिळाली नाहीत. विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला अडचणीत टाकायचा. अर्नी बँक्स, बिली विल्यम्स, फर्गी जेंकिन्स हे कब्सचे तिघं आधीच आत आहेत. चौथा महान खेळाडूही असता तर हा संघ एकदा तरी वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला नसता का? हे मिटक्या मारत हा प्रश्न विचारायचे.

इथे पद्धत सांगायला हवी. समोरच्या दाराची किल्ली पत्रकारांकडे. बेसबॉल लेखकांच्या संघटनेत दहा वर्षं सभासद असलेल्यांना मत, एका पत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावं, आणि आत जायला पंचाहत्तर टक्के. १९३६ च्या पहिल्या निवडणुकीत पाच जण निवडले गेले. टाय कॉबला २२६ पैकी २२२ मतं, बेब रूथला २१५. ५११ सामने जिंकलेला पिचर साय यंग त्या वर्षी निम्म्यावरही पोचला नाही. तो पुढच्या वर्षी आत गेला. संग्रहालय उघडलं १९३९ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या खेड्यात, कारण ॲब्नर डबलडेनं १८३९ मध्ये तिथे हा खेळ शोधला अशी आख्यायिका. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत होता. ज्या घराचा पायाच असा घातलेला, त्यात कुणाला घ्यायचं यावर लोक इतक्या पोटतिडकीनं भांडतात!

मागचं दार म्हणजे समित्या. पत्रकारांनी नाकारलेल्यांचा किंवा ज्यांच्यापर्यंत ते पोचलेच नाहीत अशांचा फेरविचार करणाऱ्या, बंद खोलीत बसणाऱ्या. वशिल्याचा सगळा इतिहास या दारापाशी आहे. १९७० च्या सुमारास जुन्या खेळाडूंच्या समितीत फ्रँकी फ्रिश होता. तो जायंट्स आणि कार्डिनल्स या दोन संघांकडून खेळलेला. १९७० ते १९७३ या काळात आत आलेली नावं बघा: जेसी हेन्स, डेव्ह बॅनक्रॉफ्ट, चिक हेफी, रॉस यंग्ज, जॉर्ज केली. सगळे त्याच दोन संघांतले, त्याच्याबरोबर खेळलेले. बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक बिल जेम्स यानं १९९४ च्या ‘द पॉलिटिक्स ऑफ ग्लोरी’ या पुस्तकात या निवडींची चिरफाड केली. त्यातल्या एकाला घेतलं म्हणजे पुढे त्याच्या तोडीच्या वीस जणांचे पाठीराखे दाराशी येऊन उभे राहतात.

आणि हे फक्त जुन्या काळातलं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये समितीनं सॉक्सच्या हॅरॉल्ड बेन्सला घेतलं, सोळापैकी बारा मतांनी. लागतात तेवढ्याच, एकही जास्त नाही. पत्रकारांनी त्याला साडेसहा टक्क्यांच्या वर कधी जाऊ दिलं नव्हतं. समितीत सॉक्सचे मालक जेरी राइन्सडॉर्फ होते आणि बेन्सचा जुना मॅनेजर टोनी ला रूसाही होता. बेन्स मला आवडायचा. शांत माणूस, २,८६६ हिट्स, इतका लाडका की तो खेळत असतानाच सॉक्सनं त्याचा तीन नंबर निवृत्त केला. पण हॉल ऑफ फेम? आमच्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं. हे सॉक्सवाले असूनही म्हणाले, “याला घेतलं, मग ॲलननं काय घोडं मारलं होतं?”

१९७२ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला ॲलन. ३७ होमरन त्या वर्षी. तरुणपणी फिलाडेल्फियात प्रेक्षक त्याच्यावर वस्तू फेकायचे, म्हणून हा कृष्णवर्णीय खेळाडू मैदानातही हेल्मेट घालून उभा राहायचा. पत्रकारांनी त्याच्यावर ‘भांडखोर’ असा शिक्का मारला आणि मतं देताना तो शिक्काच पाहिला, असं माझं मत. २०१४ मध्ये तो समितीत एका मतानं हुकला. पुढची बैठक ठरली होती ६ डिसेंबर २०२० ला. करोनामुळे ती वर्षभर पुढे ढकलली आणि ७ डिसेंबरला ॲलन गेला. २०२१ मध्ये बैठक झाली, तेव्हा पुन्हा एका मतानं हुकला. निवड झाली डिसेंबर २०२४ मध्ये.

त्याच २०२१ च्या डिसेंबरात मिनी मिन्योसो निवडला गेला. क्यूबाचा मिन्योसो १९५१ मध्ये सॉक्सकडून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय. त्यालाही जाऊन सहा वर्षं उलटली होती. त्याची सुरुवातीची वर्षं कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये गेली, आणि पत्रकारांच्या हिशेबात ती कित्येक दशकं धरलीच गेली नाहीत. तिथल्याच सॅचेल पेजचं तेच. १९६६ मध्ये टेड विल्यम्सनं हॉल ऑफ फेममधल्या स्वतःच्या सत्काराच्या भाषणात पेज आणि जॉश गिब्सन यांची नावं काढली, तेव्हा कुठे चक्रं हलली. १९७१ मध्ये पेजला घ्यायचं ठरलं तेही आधी वेगळ्या दालनात. ओरड झाली म्हणून बाकीच्यांबरोबर जागा मिळाली. हे कामही समितीनंच केलं, हे विसरून चालणार नाही. ज्या दारानं फ्रिशचे मित्र आले, त्याच दारानं पेज आला. म्हणून समित्याच बंद करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. समितीत संबंधितांचे मालक आणि मॅनेजर बसू नयेत, आणि कोणी कुणाला मत दिलं ते जाहीर व्हावं, एवढं झालं तरी पुष्कळ.

आमच्या कब्सच्या सॅमी सोसाबद्दल मला विचारू नका. ६०९ होमरन, आणि औषधांच्या संशयामुळे दहा वर्षांत वीस टक्केही मतं नाहीत. मी त्याला मत दिलं नसतं. तसाच संशय असलेल्या बॅरी बाँड्सला दिलं असतं. यात सुसंगती नाही, हे मला ठाऊक आहे.

आता शूलेस जो जॅक्सन. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सॉक्सच्या आठ जणांवर पैसे घेऊन हरल्याचा आरोप आला. १९२१ मध्ये शिकागोच्या कोर्टानं सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी कमिशनर लँडिसनं कायमचं बाहेर काढलं. जॅक्सन त्या मालिकेत ०.३७५ च्या सरासरीनं खेळला, हे त्याचे पाठीराखे घोकतात. त्यानं पाच हजार डॉलर घेतल्याचं ग्रँड ज्युरीपुढे कबूल केलं होतं, हे मी सांगते. मे २०२५ मध्ये कमिशनर मॅनफ्रेडनी मृत खेळाडूंवरची बंदी उठवली, त्यामुळे जॅक्सन आणि त्याच्यासारखाच बंदी असलेला पीट रोझ दोघंही पात्र झाले. डिसेंबर २०२७ मध्ये समिती बसेल तेव्हा त्यांचा विचार होऊ शकतो. बारा मतं हवीत. ह्यांचं म्हणणं, शंभर वर्षांची शिक्षा पुरे झाली. माझं म्हणणं, सँटोनं कुणाकडून छदाम न घेता मरेपर्यंत वाट पाहिली. जॅक्सननं आणखी थोडी पाहावी.