अंथरूण धरू नका, भिंत धरा

हातातलं काम सुरू राहू द्या, भाजी निवडता निवडता ऐका. आज आम्ही बोलणार आहोत आपल्या अंगाच्या तोलाबद्दल. वय झालं की पाय लटपटतात, उंबऱ्यात अडखळायला होतं, न्हाणीतून बाहेर येताना भिंत चाचपावी लागते. "वय झालं, चालायचंच," म्हणून आपण ते सोडून देतो. पण गेलेला तोल परत मिळवता येतो का? या प्रश्नावर ऐंशी-नव्वद वर्षं कामं झाली आहेत. त्याचीच ही गोष्ट.

आधी आमच्या गटाची एक चूक सांगतो. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या बाईंना आम्ही नानी म्हणतो. दोन पावसाळ्यांपूर्वी त्या रात्री परसाकडे जाताना पडवीत पडल्या. हाड मोडलं नाही, मुका मार लागला. आम्ही सगळ्या भेटायला गेलो आणि एका सुरात सांगितलं, "नानी, आता उठायचं नाही. पाणी, ताट, सगळं जागेवर मिळेल." सुनेलाही तसंच बजावलं. बैठकीचं रजिस्टर सहीसाठी त्यांच्या घरी नेऊ लागलो. आपण सेवा करतोय असंच आम्हाला वाटत होतं. चार महिन्यांनी नानींना खाटेवरून उठवायला दोघी लागू लागल्या. मुका मार कधीच बरा झाला होता. पाय मात्र उभं राहणं विसरले होते.

तालुक्याच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्यांना तपासलं आणि विचारलं, "यांना इतके दिवस बसवून कोणी ठेवलं?" आम्ही माना खाली घातल्या. मग आम्ही या विषयावर वाचायला लागलो, त्या ताईंना विचारायला लागलो. तेव्हा कळलं की ही चूक मोठमोठ्या दवाखान्यांनीही केली होती, आणि ती सुधारायला एका बाईनेच सुरुवात केली होती.

साल 1935. लंडनच्या पश्चिमेला आयझलवर्थ इथे वेस्ट मिडलसेक्स नावाचं रुग्णालय होतं. त्याच्या शेजारी गोरगरिबांसाठीचा जुना दवाखाना होता. तो या रुग्णालयाकडे आला आणि त्याची जबाबदारी पडली डॉ. मार्जरी वॉरन या बाईंवर. तिथे 714 खाटा होत्या. त्यावर म्हातारी, लुळी पडलेली माणसं वर्षानुवर्षं पडून होती. त्यांचं आता काही होणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. खायला मिळत होतं, अंथरूण बदललं जात होतं, पण कोणाला नेमकं काय झालंय हे तपासायची तसदी कोणी घेतली नव्हती.

वॉरनबाईंनी एकेकाला तपासलं. दुखणं पाहून माणसं वेगवेगळी केली. ज्यांना उठता येण्यासारखं होतं त्यांना आधी बसवलं, मग उभं केलं, मग चालवलं. डॉक्टर, नर्स आणि व्यायाम घेणारे यांना एकत्र कामाला लावलं. जी माणसं मरेपर्यंत इथेच राहणार असं धरलं होतं, त्यातली बरीच आपल्या पायांनी घरी गेली. 1943 साली बाईंनी हा अनुभव डॉक्टरांच्या नियतकालिकात लिहिला. म्हाताऱ्या माणसांच्या आजारांचं वेगळं शास्त्र इंग्लंडमध्ये उभं राहिलं, त्यात त्यांचं नाव पहिलं घेतात.

त्यानंतर चार वर्षांनी, 1947 मध्ये, रिचर्ड अ‍ॅशर या लंडनच्याच डॉक्टरांनी एक लेख लिहिला. विषय होता, अंथरुणात पडून राहण्याचे धोके. तोवर जवळजवळ प्रत्येक दुखण्यावर विश्रांती हेच औषध होतं. अ‍ॅशर यांनी अवयवागणिक हिशोब मांडला. पडून राहिलं की स्नायू झिजतात, सांधे आखडतात, हाडांतला चुना कमी होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात. हे वाचताना आम्हाला नानींची खाट आठवली.

उठवायचं हे ठरलं. पण तोल जाणाऱ्या माणसाला उठवायचं कसं? याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिळालं. डोक्याला मार लागून चक्कर येणारे बरेच रुग्ण तेव्हा दवाखान्यात येत होते. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातले कानाचे सर्जन डॉ. कॉथॉर्न यांच्या लक्षात आलं की जे रुग्ण चक्कर येते म्हणून पडून राहतात ते रेंगाळतात, आणि जे हलत-फिरत राहतात ते लवकर सावरतात. मग त्यांनी आणि डॉ. कुक्सी यांनी मिळून व्यायामांची पायरी-पायरीने मांडणी केली. आधी नुसते डोळे हलवायचे. मग मान. मग बसून खांदे हलवायचे, वाकून जमिनीवरची वस्तू उचलायची. मग उभं राहायचं, आधी डोळे उघडे ठेवून, नंतर मिटून. शेवटी चेंडू झेलत चालायचं. हे व्यायाम ते गटाने करून घेत. 1946 मध्ये त्यांनी हे छापलं, आणि आजही चक्कर येणाऱ्यांना याच धर्तीचे व्यायाम देतात.

इथे थोडं थांबून तोल म्हणजे काय ते समजून घेऊ. आपण सरळ उभे राहतो ते तीन खबऱ्यांच्या जोरावर. एक डोळे. दुसरा कानाच्या आतला भाग, डोकं कुठे कललं हे तो सांगतो. तिसरे आपले तळपाय आणि सांधे, जमीन कशी आहे ते सांगणारे. या तिघांच्या बातम्या मेंदूकडे जातात आणि मेंदू पायांच्या स्नायूंना हुकूम सोडतो. वय वाढलं की नजर मंदावते, तळपायाची जाणीव कमी होते, मांड्या-पोटऱ्यांची ताकद घटते. म्हणूनच अंधारात पडणं जास्त होतं, कारण डोळ्यांची बातमी बंद झाली की उरलेल्या दोघांवरच भार येतो. यातली नजर चष्म्याने, मोतीबिंदूच्या ऑपरेशनने सुधारते. स्नायू मात्र कामानेच सुधारतात. आणि मेंदूलाही सरावच लागतो.

"पण म्हातारपणी कसले स्नायू वाढतात?" असं आपण म्हणतो. शहाणे डॉक्टरही हेच म्हणत होते. 1990 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात डॉ. मारिया फियाटारोने या बाईंनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांची वयं 86 ते 96. आठ आठवडे हा व्यायाम चालला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. दोघांची काठी सुटली. नव्वदीतला स्नायूसुद्धा काम दिलं तर ऐकतो, हे तिथे सिद्ध झालं.

आता या गोष्टीतला आमच्या सगळ्यात आवडीचा भाग. तो घडला न्यूझीलंडमध्ये. तिथल्या डनीडिन शहरात ओटागो विद्यापीठ आहे. डॉ. जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन आणि त्यांच्या सोबत्यांनी 80 वर्षांवरच्या 233 बायका निवडल्या. सगळ्या आपापल्या घरी राहणाऱ्या. त्यांचे दोन गट केले. 116 जणींच्या घरी फिजिओथेरपिस्ट पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा गेली आणि प्रत्येकीच्या ताकदीप्रमाणे व्यायाम शिकवून आली. दुसऱ्या 117 जणींच्याही घरी तितक्याच भेटी झाल्या, पण नुसत्या गप्पांच्या. हे मुद्दाम केलं होतं. कोणी विचारपूस करायला येतं, त्यानेच माणसाला उभारी येते. ती उभारी दोन्ही गटांना सारखी मिळाली, म्हणजे फरक पडला तर तो व्यायामाचा, हे स्पष्ट व्हावं.

व्यायाम साधेच होते. घोट्याला वजनाचा पट्टा बांधून पाय उचलायचा. चवड्यांवर उभं राहायचं, टाचांवर उभं राहायचं. एका पावलापुढे दुसरं पाऊल चिकटवून उभं राहायचं. आडवं चालायचं, मागे चालायचं, आठाच्या आकड्यात वळायचं. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं. अर्धा तास, आठवड्यातून तीनदा. शिवाय बाहेर फिरायला जायचं. जमलं की व्यायाम थोडा अवघड करायचा.

वर्षभर प्रत्येक पडण्याची नोंद ठेवली. गप्पांच्या गटात 152 वेळा पडणं झालं, व्यायामाच्या गटात 88 वेळा. 1997 मध्ये हे छापून आलं. पुढे 2001 मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट करून पाहिली. फिजिओथेरपिस्टऐवजी तिने तयार केलेली नर्स घरोघर पाठवली. 75 वर्षांवरच्या 240 जणांत पडणं 46 टक्क्यांनी कमी झालं. असे चार प्रयोग मिळून 65 ते 97 वयाची 1016 माणसं झाली. त्या सगळ्यांत मिळून पडणं आणि पडून लागणं सुमारे 35 टक्क्यांनी घटलं.

व्यायामाच्या गटातल्या बायकाही पडल्याच, 88 वेळा. म्हणून व्यायाम केला की कधीच पडणार नाही, असं आम्ही म्हणत नाही. पण खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे ज्या घरात झालंय त्या घराला माहीत आहे. ऑपरेशनचं कर्ज, सुनेची मजुरी बुडणं, नातीची शाळा सुटणं. गटातून अशा वेळी किती जणींनी कर्ज उचललं ते आमच्या वह्यांत आहे. त्यातलं एक जरी टळलं तरी थोडं नाही.

आपल्याकडेही फिजिओथेरपी नवी नाही. पोलिओच्या साथींच्या त्या काळात, 1953 मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचं शिक्षण सुरू झालं. 2010-11 पासून वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. जिल्हा रुग्णालयात वृद्धांची तपासणी आणि फिजिओथेरपी मिळावी, हा त्याचा भाग आहे. तिथे जाऊन विचारा. विचारलं नाही तर कोणी बोलावायला येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 मध्ये सांगितलं आहे की 65 वर्षांवरच्यांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम करावा.

आमच्या नानींनी सुरुवात खाटेच्या कडेवर बसण्यापासून केली. मग सुनेने समोर जड खुर्ची ठेवली, ती धरून उभं राहणं सुरू झालं. पहिल्या दिवशी दहा आकडे मोजेपर्यंत पाय थरथरले. नानी रागावल्या, "म्हातारीचे हाल करता," म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यात स्वतःच आकडे मोजू लागल्या. मग टाचा उचलणं, मग भिंत धरून आडवं चालणं. पाच महिन्यांनी त्या बैठकीला आल्या. काठी आहेच, आणि ती राहणार. पण रजिस्टरवर सही त्यांनी आपल्या जागेवर येऊन केली.

आता आमच्या गटात बैठकीआधी पंधरा मिनिटं सगळ्या भिंतीला हात टेकून उभ्या राहतो. चाळिशीतल्याही. भिंत किंवा जड, न सरकणारी खुर्ची हाताशी हवीच. ओली फरशी, सैल चप्पल नको. पहिल्यांदा करणारीजवळ एक जण उभी असावी. ज्यांना चक्कर येते, छातीत दुखतं, नुकतं हाड मोडलंय किंवा ऑपरेशन झालंय, त्यांनी आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारायचं. वारंवार पडत असाल तर औषधांची यादी आणि नजर तपासून घ्यायची. रात्री परसाकडच्या वाटेवर दिवा ठेवायचा.

आणि एक काम आजच करा. तुमच्या गल्लीत कोणी आजी पडल्यानंतर बाहेर दिसेनाशा झाल्या असतील, तर त्यांच्याकडे जा. चहा प्या, विचारपूस करा. पण "आता उठू नका" एवढं मात्र म्हणू नका. डॉक्टरांनी उठायला मनाई केली आहे का ते विचारा. नसेल, तर शेजारी उभ्या राहा आणि हात द्या.