काराकोरमचा नकाशा आणि नामविहीन शिखर

नकाशावरील स्थलनाम हे त्या भूमीत वावरणाऱ्या भाषिक समाजाच्या व्यवहाराचे चिन्ह असते. मनुष्यवस्तीच नसलेल्या हिमप्रदेशाचा नकाशा तयार होतो तेव्हा नावे कोठून यावीत, हा प्रश्न काराकोरमच्या सर्वेक्षणात प्रकर्षाने उभा राहिला.

१८५६ साली टी. जी. माँटगोमरी यांनी काश्मीरमधील हरमुख पर्वतावरून सुमारे १३० मैलांवरील दोन उत्तुंग शिखरे पाहिली व त्यांची नोंद 'के-१' आणि 'के-२' अशी केली. 'के' हे काराकोरमचे आद्याक्षर. हे क्रमांक तात्पुरते होते. स्थानिक नाव आढळल्यास तेच नकाशावर द्यावे, असा सर्वेक्षणाचा प्रघात होता. त्यानुसार के-१ हे 'मशेरब्रुम' झाले. ते हूशे गावातून दिसते. साहजिकच त्यास नाव होते. ८,६११ मीटर उंचीचे के-२ मात्र बाल्टोरो हिमनदीच्या वाटेवरील अखेरच्या अस्कोले गावातूनही दिसत नाही. १८६१ मध्ये बाल्टोरोचे सर्वेक्षण करणाऱ्या गॉडविन-ऑस्टिन यांचे नाव या शिखरास देण्याची सूचना १८८८ साली पुढे आली. सर्वेक्षण खात्याने ती स्वीकारली नाही. 'चोगोरी' हे बाल्टी शब्दांचे नाव—'चोगो' म्हणजे मोठा, 'री' म्हणजे पर्वत—पुढे प्रवासवर्णनांतून रूढ झाले. परंतु ते स्थानिकांच्या नित्य वापरात होते, यास पुरेसा आधार नाही.

याउलट खिंडींची नावे पाहावीत. 'काराकोरम' म्हणजे तुर्की भाषांत काळी खडी. हे मूळचे लेह-यारकंद व्यापारी मार्गावरील खिंडीचे नाव, जे पुढे हिमाच्छादित अशा संपूर्ण पर्वतरांगेस लाभले. 'मुझताघ' म्हणजे हिमपर्वत, हेही तुर्कीच. दक्षिणेकडून बाल्टी शब्द आले. 'सियाचेन' या नावात रानगुलाबांच्या विपुलतेचा निर्देश आहे. हिमनदीच्या नावात फूल यावे याचा अर्थ एवढाच, की नाव देणारा माणूस बर्फाच्या पायथ्याशी वावरत होता.

तात्पर्य, नावे माणसाच्या वाटेने आणि दृष्टीने जातात. उंचीच्या क्रमाने नव्हे. जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या शिखराचे नामविहीन राहणे हे स्थानिकांच्या अज्ञानाचे लक्षण नसून, त्यांच्या जीवनव्यवहाराच्या सीमेची नोंद आहे. पुढे बाल्टी भारवाहकांच्या तोंडी तो क्रमांकच 'केतू' झाला. मराठी वाचकास येथे ग्रहाची आठवण होईल. ते सादृश्य केवळ योगायोगाचे आहे. सर्वेक्षकाने तात्पुरते म्हणून लिहिलेले अक्षर अखेर बोलीत उतरले, आणि नकाशास हवे असलेले स्थानिक नाव नकाशानेच निर्माण केले.