सुखाची मोजणी आणि गेलेले शेजारी

सरकारी धोरणाला सुखाचे माप लावण्याचा इतिहास चाळताना मी भूतानपाशी पुन्हा पुन्हा थांबतो. तिथल्या २००८च्या राज्यघटनेचे नववे कलम सकल राष्ट्रीय सुखाला पोषक परिस्थिती घडवण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. २०१० साली सुमारे सात हजार लोकांना झोप, आरोग्य, वेळ, शेजाऱ्यांवरचा विश्वास यांविषयी विचारले गेले. ९ क्षेत्रे, ३३ निर्देशक. सुमारे ४१ टक्के लोक सुखी ठरले. उरलेल्यांना काय कमी पडते ते हेरून धोरण आखावे, ही कल्पना मला आजही मोलाची वाटते.

पण त्याआधी तिथे आणखी एक मोजणी झाली होती. १९८५च्या कायद्याने नागरिकत्वासाठी १९५८पर्यंतच्या वास्तव्याचा आधार मागितला आणि १९८८ची जनगणना दक्षिणेत त्याच कसोटीवर झाली. पुढे काही वर्षांतच सुमारे एक लाख नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा नेपाळमधल्या छावण्यांत येऊन पडले. सुखाची प्रश्नावली देशात फिरली तेव्हा ते देशात नव्हते.

म्हणून असा अहवाल हाती आला, की टक्केवारीआधी मी एवढेच शोधतो : विचारले कुणाला? शेजाऱ्यावर विश्वास आहे का, या प्रश्नाच्या उत्तरात घालवून दिलेला शेजारी कुठेच उमटत नाही.