भाषेचा उगम : एक निषिद्ध प्रश्न

पॅरिसच्या भाषाशास्त्र-मंडळाच्या १८६६ च्या नियमावलीतील दुसरे कलम प्रसिद्धच आहे : भाषेचा उगम व विश्वभाषेची निर्मिती यांविषयीचे कोणतेही निवेदन मंडळ स्वीकारणार नाही. यामागील वैताग समजण्याजोगा आहे. हेर्डरचा निबंध १७७२ साली प्रसिद्ध झाला. पुढेही तेच तर्क फिरून येत राहिले. मॅक्स म्युलरने १८६१ च्या व्याख्यानांत पशुध्वनींच्या अनुकरणाच्या मतास ‘भो-भो’ असे थट्टेने म्हटले (त्याचे स्वतःचे मतही फारसे साधार नव्हते). पुरावा कोणाजवळच नव्हता. तथापि हौशी पुनरुक्ती आणि खरी जिज्ञासा यांत कलमाने भेद केला नाही. दोहोंनाही दार बंद झाले. न्यूयॉर्कच्या विज्ञान अकादमीने १९७५ साली याच प्रश्नावर परिषद भरविली, तेव्हा चर्चेस जीवाश्मांचा व मेंदूरचनेच्या अभ्यासाचा आधार होता.