जनेल, बाल्कांव आणि बिजागरी

दक्षिण गोव्यात चांदोरला ब्रागांझा कुटुंबाचं लांबच लांब दुमजली घर आहे. मूळ बांधणी सतराव्या शतकातली मानतात. आज त्याचे दोन भाग दोन शाखांकडे आहेत. पश्चिमेकडचा भाग पत्रकार लुईस द मिनेझीस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांच्या घराण्याचा. १९०० साली ‘ओ हेराल्दो’ हे दैनिक सुरू करणाऱ्यांत ते होते आणि पोर्तुगीज सत्तेला त्यांनी पोर्तुगीज भाषेतच जाब विचारला.

या घराच्या दर्शनी भागावर खिडक्यांची रांगच्या रांग आहे. कोकणीत खिडकीला जनेल म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘जनेला’वरून आला, आणि तिचं मूळ लॅटिन ‘यानुआ’त, म्हणजे दारात. जनेल हे मुळात छोटं दार! आता आपली खिडकी पाहा. संस्कृतात ‘खडक्किका’ म्हणजे बाजूचं दार, आणि जुन्या मराठीतही मोठ्या दरवाजातल्या लहान दाराला खिडकी म्हणत. इतक्या लांबच्या दोन भाषांनी खिडकीकडे दाराचं लेकरू म्हणून पाहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. गोव्यातल्या अशा घरांत वरच्या मजल्यावरची जनेलं पुष्कळदा जमिनीपर्यंत उतरून सज्जात उघडतात. तिथे तर दोन्ही शब्दांचा जुना अर्थ अजून जिवंत आहे.

बाल्कांव म्हणजे गोव्याच्या घरापुढची, पायऱ्या चढून गेल्यावरची छपराखालची बसायची जागा. मुंबईची बाल्कनी इंग्रजीतून आली, बाल्कांव पोर्तुगीजमधून. दोघांचं माहेर इटालियन ‘बाल्कोने’. पण बाल्कांव गोव्यातच राहिला. दिवाणखान्याला तिथे ‘साल’ म्हणतात, तोही घाट चढून आला नाही.

मराठीत सर्वदूर पोचले ते शब्द घर बांधणाऱ्यांचे आणि त्यात राबणाऱ्यांचे. मेस्त्री हा पोर्तुगीज ‘मेस्त्रे’, घमेलं हे ‘गामेला’, बिजागरी ही ‘बिसाग्रा’, चावी ही ‘शाव्ही’, पाण्याचं पिंप हे ‘पिपा’. मला वाटतं, सुतार-गवंड्यांनी हत्यारांबरोबर हे शब्दही गावोगाव नेले असावेत. जपलेल्या घरात आपण झुंबरं आणि चिनी मातीची भांडी डोळे भरून पाहतो. पाहताना दाराच्या बिजागरीवरही हात ठेवावा, कारण त्या घरातला आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द तिथे आहे. आणि मेस्त्रीच्या हातावर महिनाअखेर पडतो तो पगार, तोही पोर्तुगीजच: ‘पागार’, म्हणजे पैसे चुकते करणं.